डायझेपाम ‘चालले नाही’ म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने अश्वगंधेच्या, म्हणजे आपल्या आसंधेच्या, मुळांच्या अर्काचा चिंताशामक गुण तपासण्यासाठी विस्टार जातीच्या नर मोठ्या उंदरांचे (रॅट) सहा-सहाचे चार गट केले: एक साधा, एक नुसता ताण दिलेला, एक ताणासह डायझेपाम (चिंतेवरचे प्रमाण औषध) दिलेला आणि एक ताणासह अर्क दिलेला. ताण म्हणून उंदरांना १४ दिवस रोज २ तास अरुंद नळीत अडकवून ठेवले. अर्क रोज नळीने तोंडावाटे दिला. डायझेपाम मात्र फक्त पंधराव्या दिवशी, चाचणीच्या अर्धा तास आधी, पोटात टोचले. एलिव्हेटेड प्लस मेझची चाचणी पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्याच उंदरांवर घेतली. अर्काच्या गटात फरक दिसला, डायझेपामच्या गटात काहीच दिसला नाही. आता मार्गदर्शकांचे म्हणणे असे की डायझेपामचा डोस किलोमागे २ मि.ग्रॅ. होता तो ५ करून चाचणी पुन्हा घ्यावी. विद्यार्थ्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत: डोस वाढवावा का, आणि चिंतेवरची औषधे ताणाखालच्या प्राण्याच्या वागण्यात मुळात कोणता बदल घडवतात?

पहिल्याचे उत्तर लगेच देते: वाढवू नका. ते का, हे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून कळेल, म्हणून आधी दुसराच प्रश्न घेते. माझी बरीच वर्षे प्राणिगृहात आणि औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली आहेत, आणि ‘स्टँडर्ड (तुलनेसाठीचे प्रमाण औषध) चालले नाही, आमचा अर्क मात्र चालला’ हे वाक्य मी प्रबंधांच्या मसुद्यांत इतक्या वेळा वाचले आहे की ते दिसले की मी निकालाचे पान मिटून कार्यपद्धतीचे पान उघडते.

प्लस मेझ म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी ते उंदराच्या बाजूने एकदा पाहू. जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या चिन्हासारख्या चार भुजा असतात. उंदरांसाठी प्रत्येक ५० सें.मी. लांब आणि १० सें.मी. रुंद. दोन भुजांना ४० सें.मी. उंचीच्या भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदीर हा निशाचर, मिशा भिंतीला घासत चालणारा प्राणी आहे, त्यामुळे उघड्या भुजेवर जाणे त्याच्या जिवावर येते. पण तो तितकाच चौकस असतो. नवी जागा हुंगून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पाच मिनिटांच्या चाचणीत आपण मोजतो ती चिंता नसते. भीती मागे खेचते आणि कुतूहल पुढे ढकलते, त्या ओढाताणीचा निकाल आपण सेकंदांत मोजत असतो.

ही ओढाताण डोळ्यांनी पाहायची असेल तर बंद भुजेच्या तोंडाशी बसलेल्या उंदराकडे बघा. मागचे पाय भिंतीच्या आड घट्ट रोवलेले, शरीर रबरासारखे ताणून लांब केलेले, नाक उघड्या भुजेवर आलेले, मिशा थरथरत आहेत. दोन-तीन सेकंद तो तसाच राहतो आणि झटकन मागे सरकतो. पुन्हा तेच. याला आम्ही ‘स्ट्रेच अटेंड’ म्हणतो. मराठीत अंदाज घेणे म्हणा. डायझेपामची योग्य मात्रा मिळालेला उंदीर हे ताणणे-मागे सरणे कमी करतो आणि सरळ बाहेर चालू लागतो. उघड्या भुजेच्या कडेवरून मान खाली घालून जमिनीकडे बघण्याचे प्रमाणही वाढते. पुष्कळदा उघड्या भुजेवरील वेळेआधी हाच बदल दिसतो. तुमच्या तक्त्यात त्याचा रकानाच नाही.

डायझेपाम हे घडवते ते मेंदूतील गाबा-ए ग्राहकांवर (रिसेप्टर), म्हणजे पेशीवर संदेश झेलणाऱ्या जागांवर. गाबा हा पेशींना शांत करणारा संदेशवाहक. डायझेपाम स्वतः गाबाचे काम करत नाही, गाबा ग्राहकावर असताना त्याचा परिणाम वाढवते. या ग्राहकांचे उपप्रकार आहेत, आणि १९९९ व २००० मध्ये झुरिकच्या संशोधकांनी जनुकीय बदल केलेल्या लहान उंदरांवर (माउस) दाखवून दिले की गुंगी मुख्यतः अल्फा-१ उपप्रकारातून येते, तर भीती कमी होण्याचा परिणाम अल्फा-२ मधून येतो. बाजारातले डायझेपाम हा भेद करत नाही. त्यामुळे कमी मात्रेत धीटपणा दिसतो, थोडी वाढवली की स्नायू सैल पडतात आणि आणखी वाढवली की प्राणी झोपेला येतो. हे नव्याने कळलेले नाही. डायझेपामच्या या वर्गाला बेन्झोडायझेपिन म्हणतात आणि त्यातील पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड. ते लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि लिब्रियम या नावाने १९६० मध्ये बाजारात आले. त्याच्या प्राण्यांवरील पहिल्याच चाचण्यांत आक्रमकता निवळणे आणि स्नायू सैल पडणे हे दोन्ही एकत्रच नोंदले गेले होते.

आता ५ मि.ग्रॅ.चा विचार करा. त्या मात्रेला तुमचा उंदीर बहुधा बंद भुजेच्या कोपऱ्यात पेंगत बसेल आणि उघड्या भुजेवरचा वेळ आणखी घटेल. किंवा, आणि हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, तो उघड्या भुजेवर पोहोचेल आणि तिथेच डुलक्या घेईल. संगणक ते २०० सेकंद ‘चिंता कमी झाली’ म्हणून मोजेल. टक्केवारीनेही फसगत होते. पाच मिनिटांत एकूण तीनच प्रवेश आणि त्यातले दोन उघड्या भुजेत, म्हणजे ६७ टक्के. आकडा देखणा आहे, पण प्राणी धड चाललेलाच नाही. म्हणून बंद भुजांमधील प्रवेशांची संख्या किंवा एकूण चाललेले अंतर शेजारी लिहिल्याशिवाय उघड्या भुजेचा कोणताही आकडा मी ग्राह्य धरत नाही.

तर मग तुमच्या प्रयोगात २ मि.ग्रॅ. चालले का नाही? मात्रा स्वतः वाजवी आहे. मोठ्या उंदरांत १ ते २ मि.ग्रॅ. ही रुळलेली मात्रा आहे. माझ्या मते मुख्य कारण तुमच्या आराखड्यातच आहे: तेच उंदीर प्लस मेझवर दोनदा गेले. लंडनच्या सँड्रा फाइल यांनी, ज्यांच्या गटाने १९८५ मध्ये ही चाचणी मोठ्या उंदरांसाठी प्रमाणित केली, पुढे दाखवून दिले की आधी एकदा, औषधाविना, पाच मिनिटे प्लस मेझवर जाऊन आलेल्या उंदरात दुसऱ्या वेळी बेन्झोडायझेपिन गटातील औषधांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. याला ‘वन-ट्रायल टॉलरन्स’ म्हणतात. नावामुळे वाटते तशी ही औषधाची सवय नव्हे, कारण पहिल्या वेळी औषध दिलेलेच नसते. पहिल्या पाच मिनिटांत उंदीर शिकतो की उघड्या भुजांवर मिळवण्यासारखे काही नाही. दुसऱ्या वेळी कुतूहल संपलेले असते, उरते ते शिकलेले टाळणे. औषध ओढाताण सैल करते. ओढाताणच उरली नसेल तर औषधाने करायचे काय? मात्रा दुप्पट केली तरी यात काही बदलणार नाही.

हेच तुमच्या साध्या आणि ताणाच्या गटातला फरक कमी दिसण्याचेही कारण असू शकते. दुसऱ्या फेरीत सगळेच उंदीर बंद भुजांना चिकटून राहतात. दोन्ही गट तळाला गेले की त्यांच्यात अंतर दिसायला जागाच राहत नाही.

मग अर्काच्या गटात फरक का दिसला? इथे मी खात्रीने बोलू शकत नाही, कारण तुमच्या अर्काचा खरोखर परिणाम असणे शक्य आहे. पण एक दुसरे स्पष्टीकरण तुमच्या टिपणातच आहे. अर्काचा गट १४ दिवस रोज हातात घेतला गेला; बाकीच्या गटांना, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, ताणाव्यतिरिक्त कोणी हात लावला नाही. डायझेपामच्या गटाला तर पहिल्यांदा सुई टोचली गेली ती चाचणीच्याच दिवशी, अर्धा तास आधी. रोजच्या हाताळणीला सरावलेला उंदीर आणि नुकतीच सुई खाल्लेला उंदीर यांची तुलना करून आपण औषधांची तुलना केली असे म्हणतो आहोत. नळीने औषध देणे हाही ताणच आहे, त्यामुळे उलट निकालही लागू शकला असता; ते देणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

हाताचे महत्त्व मला आमच्या प्राणिगृहातल्या मामांनी शिकवले. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणत असू. पिंजऱ्याला हात लावण्याआधी ते जाळीवर बोटाने हलकेच टकटक करत, मग तळवा भुश्यात ठेवत आणि उंदराला दोन्ही हातांच्या ओंजळीत येऊ देत. एका वर्षी ते महिनाभर गावी गेले आणि बदली माणूस शेपटीला धरून उंदीर उचलू लागला. त्या महिन्यात माझ्या साध्या गटाचे आकडे ताणाच्या गटासारखे आले. मी आठवडाभर औषधाची बाटली, तराजू, कॅमेरा सगळे तपासत राहिले आणि कारण पिंजऱ्यापाशी उभे होते. पुढे २०१० मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी लहान उंदरांवर हेच मोजून दाखवले: शेपटीने उचललेले उंदीर प्लस मेझवर अधिक बिचकतात, ओंजळीतून किंवा नळीतून उचललेले कमी. २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली, की पुरुष प्रयोगकर्त्याच्या नुसत्या वासानेही उंदरांत ताणाची प्रतिक्रिया उमटते. तुमच्या प्रयोगात पहिल्या आणि पंधराव्या दिवशी उंदीर कोणी उचलले, हे कृपया वहीत शोधा.

चाचणीची तारीखही शोधा. गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर नाशिक ढोलाचा सराव सुरू असताना मी एकदा चाचणी उरकली होती आणि सगळे निकाल टाकून द्यावे लागले. निफाडकडे थंडीपासून द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटतात त्या आठवड्यांत उत्तरेकडच्या खोलीचे तापमान किती घसरते, याकडेही आमचे एकदा दुर्लक्ष झाले होते. उंदराला आपल्यापेक्षा फार वरचे आवाजही ऐकू येतात. मोठा उंदीर स्वतः धोक्याची हाक देतो तीच सुमारे २२ किलोहर्ट्झची असते, म्हणजे आपल्या कानांच्या पलीकडची. एका उंदराला नळीत कोंबताना तो ओरडत असेल आणि पुढचा उंदीर शेजारच्या पिंजऱ्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत असेल, तर तुम्हाला खोली शांतच वाटणार.

औषध तयार करण्याच्या पद्धतीबद्दलही मला शंका आहे. तुम्ही रुग्णालयात वापरतात तीच अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, सलाइनमध्ये पातळ केली असे लिहिले आहे. २०० ग्रॅमच्या उंदराला २ मि.ग्रॅ.च्या हिशेबाने ०.४ मि.ग्रॅ. लागते, ५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.च्या अँप्यूलमधून ते ०.०८ मि.लि. भरते, म्हणून पातळ करण्याचा मोह होतोच. पण डायझेपाम पाण्यात विरघळत नाही. अँप्यूलमध्ये ते प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि अल्कोहोलच्या आधाराने विरघळलेले असते. सलाइन घातले की द्राव दुधाळ होतो. तो गढूळपणा म्हणजे बाहेर पडलेले डायझेपाम. सिरिंजमध्ये पहिल्या उंदराला कमी आणि शेवटच्याला जास्त मिळण्याची ती सोयच म्हणायची. शुद्ध पावडर ट्वीन ८०च्या किंवा सीएमसीच्या (न विरघळणारी पावडर पाण्यात समान पसरवून ठेवणारी द्रव्ये) द्रावात नीट घोटून, प्रत्येक वेळी हलवून द्यावी, आणि साध्या गटाला नुसते सलाइन न देता तोच द्राव औषधाविना द्यावा. डायझेपाम हे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याखालील मनःप्रभावी द्रव्य आहे, त्यामुळे पावडर मिळवायला कागदपत्रांचा खटाटोप पडतो आणि मुले अँप्यूलकडे वळतात, हे मला समजते. तरीही.

ताणाबद्दल थोडे. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताण सोसलेल्या उंदरांत ॲड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, थायमस आक्रसलेली आणि जठरात व्रण झालेले पाहिले, तेव्हापासून आपण ताण शरीरात शोधतो आहोत. उंदरात त्याचे मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन. माणसात ते काम कॉर्टिसॉल करते. रोज त्याच वेळी तीच नळी असेल तर उंदीर तिला सरावतो आणि कॉर्टिकोस्टेरॉनची उसळी दिवसागणिक कमी होत जाते. चौदाव्या दिवशी तुमचा उंदीर ताणाखाली होता हे गृहीत न धरता वजनवाढ आणि ॲड्रिनलचे वजन दाखवून सिद्ध करावे लागेल. सराव होऊ नये म्हणून काही जण ताणाचे प्रकार रोज बदलतात. डायझेपाम ताणामुळे होणारी संप्रेरकाची उसळी दाबू शकते, पण ताण नसलेल्या उंदराला मोठ्या मात्रेत दिल्यास तेच औषध कॉर्टिकोस्टेरॉन वाढवते, ५ मि.ग्रॅ.कडे जाऊ नये याचे हे आणखी एक कारण. वागणूक सुधारली म्हणजे ताण उतरला, असे समीकरण म्हणूनच मांडता येत नाही.

चिंतेवरची सगळी औषधे असेच वागतात का, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. नाही. प्लस मेझ ही चाचणी बेन्झोडायझेपिनच्या मापाने बेतलेली आहे. बुस्पिरोन माणसात चिंतेवर दिले जाते, पण प्लस मेझवर त्याचे निकाल कधी असे तर कधी तसे येतात. फ्लुओक्झेटिनसारखी नैराश्यावरची औषधे एका डोसात उंदराला उलट अधिक बिचकवू शकतात, आणि रुग्णांतही पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता वाढल्याचे डॉक्टर सांगतातच. त्यांच्यासाठी वेगळी चाचणी अधिक बोलकी ठरते: दिवसभर उपाशी ठेवलेल्या प्राण्याला उजेडातल्या अनोळखी पेटीत सोडायचे, मधोमध खाद्याची गोळी ठेवायची आणि पहिला घास घ्यायला तो किती वेळ लावतो ते पाहायचे. डायझेपामने हा वेळ एका डोसात कमी होतो, फ्लुओक्झेटिनने काही आठवड्यांनी. ओढाताण इथेही आहे, फक्त कुतूहलाची जागा भुकेने घेतली आहे. आणि उंदरावर चालले म्हणून माणसावर चालेल याची हमी नाही. पेक्सासेरफॉन्ट हे ताणाच्या संप्रेरकसाखळीच्या मुळाशी काम करणारे द्रव्य प्राण्यांतील पुराव्यावर उभे राहिले, पण सततच्या चिंतेच्या रुग्णांत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

आता तुम्ही काय करावे ते सांगते. वेळ किती उरला आहे आणि किती प्राण्यांची परवानगी आहे, यावर बरेच अवलंबून आहे. वापरलेले उंदीर प्लस मेझसाठी संपले असे समजा. नव्या प्राण्यांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे सुधारित अर्ज द्यावा लागेल; तो देताना ‘डोस वाढवणे’ हे कारण लिहू नका, ‘चाचणीची वैधता तपासणे’ हे लिहा, कारण खरे तेच आहे. आधी एक छोटी फेरी करा: ताण नाही, अर्क नाही, फक्त औषधाविनाचा द्राव, डायझेपाम १ आणि डायझेपाम २ मि.ग्रॅ. असे तीन गट. सर्वांना आठवडाभर रोज ओंजळीत घेण्याची आणि खोटी सुई टोचण्याची सवय. प्रत्येक उंदीर प्लस मेझवर एकदाच. या फेरीत डायझेपाम दिसले तरच पुढे ताण आणि अर्क आणा, आणि तेव्हा सर्व गटांना नळीने काही ना काही रोज द्या. नव्या प्राण्यांना परवानगी मिळाली नाही, तर प्रबंधात सरळ लिहा की प्रमाण औषधाने परिणाम न दाखवल्यामुळे अर्काच्या निकालाचा अर्थ लावता येत नाही. चांगला परीक्षक याचे गुण कापत नाही.

अर्काबाबत एक सावधगिरी. अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातला ‘सोम्निफेरा’ हा शब्दच झोप आणणारी असे सांगतो, तेव्हा रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, उंदीर तोल सांभाळतो का, हे पाहिल्याशिवाय ‘चिंताशामक’ हा शब्द वापरू नका. अर्क बेन्झोडायझेपिनच्याच जागी काम करतो असा दावा करायचा असेल, तर फ्लुमाझेनिल (बेन्झोडायझेपिनची ती जागा अडवणारे औषध) आधी देऊन परिणाम पुसला जातो का, ते पाहावे लागेल.

यातले काहीही सुरू करण्याआधी एक काम या आठवड्यात, एकही प्राणी न वापरता होण्यासारखे आहे. पंधराव्या दिवसाचे व्हिडिओ तुमच्याकडे आहेत असे तुम्ही म्हणता. एखाद्या मित्राला फाइलींची नावे बदलायला सांगा, म्हणजे कोणता गट कोणता हे तुम्हाला कळणार नाही, आणि मग प्रत्येक उंदराचे बंद भुजांतील प्रवेश आणि स्ट्रेच अटेंड हाताने मोजा. नावे उघडल्यावर डायझेपामचा गट पेंगत होता, की जागा ओळखून नुसता भिंतीआड बसून राहिला होता, हे तुमचे तुम्हालाच दिसेल, आणि मार्गदर्शकांपुढे डोसाचा विषय काढायला तुमच्या हातात तो तक्ता असेल.